शिसं कुजत नाही

शेतात शेणखत टाकलं, की माती ते पचवते. डिझेल सांडलं, तरी जिवाणू हळूहळू त्याचा फडशा पाडतात. पण शिशाचा कण मातीत पडला, तर पणतूच्या काळातही तो शिसंच असतो. शिसं, कॅडमिअम, तांबं ही मूलद्रव्यं. कुजणं त्यांना ठाऊक नाही. म्हणून धातूंनी बाटलेली माती साफ करण्याचे मार्ग दोनच: धातू तिथून उचलायचा, नाहीतर जागच्या जागी जखडायचा.

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या गुइयू गावानं हे भोगलं आहे. जगभरचे टाकाऊ संगणक तिथे येत. कोळशाच्या शेगडीवर सर्किट बोर्ड तापवून सुटे भाग काढले जात, सोन्यासाठी बोर्ड आम्लात बुडवले जात. जुन्या सोल्डरमध्ये साधारण 37 टक्के शिसं असे. ते धुरातून, राखेतून, सांडपाण्यातून मातीत उतरलं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या 165 मुलांपैकी दर दहांत आठ जणांच्या रक्तात शिसं तेव्हाच्या धोक्याच्या पातळीवर आढळलं.

अशा मातीचं करायचं काय? वरचा थर खरवडून बंदिस्त खड्ड्यात पुरणं हा झटपट उपाय. पण खर्च मोठा, आणि शेताचा कसही त्या मातीबरोबर जातो. आम्लानं माती धुतली, तर धातूंसोबत पोषकद्रव्यंही वाहून जातात. शिशापुरता एक स्वस्त उपाय आहे: मातीत फॉस्फेट मिसळणं. त्यातून पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज तयार होतं. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. शिसं मातीतच राहतं, पण शरीरात शिरणं त्याला अवघड होतं.

सर्वांत लोभस वाटतो तो वनस्पतींचा मार्ग. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या एका झाडाचा चीक निळा-हिरवा असतो. वाळवला, तर त्याचा जवळपास पाव हिस्सा निकेल भरतं! अशा अतिसंचयी वनस्पती धातू शोषून पेशींतल्या पोकळ्यांत कोंडून ठेवतात. त्यांची कापणी करायची, जाळायचं आणि राखेतून धातू मिळवायचा.

शिसं मात्र मातीला घट्ट धरून बसतं. 1990 च्या दशकात ईडीटीए हे रसायन घालून ते सैल करण्याचे आणि आपल्या ओळखीच्या मोहरीकडून उचलून घेण्याचे प्रयोग झाले. मोहरीनं शिसं घेतलंही. पण सैल झालेलं सगळंच तिला पेलेना. उरलेलं पावसाबरोबर भूजलात उतरण्याचा धोका उभा राहिला. शिवाय या पद्धतीला एखाद-दुसरा हंगाम नव्हे, वर्षानुवर्षं लागतात.

गुइयूतल्या कार्यशाळा 2015 च्या अखेरीस एका औद्योगिक वसाहतीत हलवल्या गेल्या. कार्यशाळा हलवता येतात. मातीत मुरलेलं शिसं हुकूम पाळत नाही. आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनी ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आपलं काम एवढंच, की जुना संगणक अधिकृत केंद्रातच द्यायचा. मातीत गेलेला धातू वेचण्यापेक्षा तो मातीत जाऊ न देणं कितीतरी सोपं आहे.