एका सेकंदाची शर्यत

केशवाहिनीत शिरलेली तांबडी पेशी साधारण सेकंदाभरात पलीकडे बाहेर पडते. तेवढ्यात ती जवळचा ऑक्सिजन आजूबाजूला वाटून टाकते आणि परत फुप्फुसाच्या वाटेला लागते. आपल्याला याचा पत्ताही नसतो. सिकलसेल झालेल्या मुलाच्या अंगात मात्र हा सेकंद म्हणजे अखंड चाललेली शर्यत असते. पेशी वेळेत निसटल्या तर दिवस खेळण्यात जातो. अडकल्या, तर मूल रात्रभर पाय धरून रडतं आणि घरातलं कुणीच झोपत नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर किंवा नंदुरबारच्या सातपुड्यातल्या कितीतरी घरांना हे सांगावं लागत नाही. ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ हे प्रयोगशाळेतले शब्द तिथे बोलण्यात रुळलेत. एएस म्हणजे वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो. एसएस म्हणजे रुग्ण.

या दुखण्याचं मूळ विश्वास बसू नये इतकं लहान आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं, तिथे व्हॅलिन येऊन बसतं, कारण जनुकातलं एक अक्षर बदललेलं असतं. बस, एवढंच. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींचं वर्णन छापलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष थेट हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. नेमकं कुठलं आम्ल बदललं, हे व्हर्नन इंग्राम यांनी त्यानंतरच्या काही वर्षांत शोधून काढलं.

व्हॅलिनला पाण्याचं वावडं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की ते शेजारच्या रेणूच्या खोबणीत जाऊन बसतं. त्याला पुढचा रेणू चिकटतो, त्याला त्याच्या पुढचा, आणि लांब ताठ दोरे तयार होऊन पेशी आतून वाकडी होते. पण हे लगेच घडत नाही. विरजण लावलेलं दूध बराच वेळ दूधच दिसतं आणि मग बघता बघता दही लागतं, तसं इथेही आधी काहीच होत नाही आणि मग एकदम सगळं होतं. मधला तो रिकामा वेळ केशवाहिनी ओलांडायला पुरला, तर पेशी सुटते. फुप्फुसात पुन्हा ऑक्सिजन मिळाला की रेणू मोकळे होतात.

मला या आजारातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. हा रिकामा वेळ पेशीतलं हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर अवलंबून असतो, आणि तोही साध्या प्रमाणात नाही, तर दाटपणाच्या किमान पंधराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. हिशेब करून पाहा. पेशीतलं पाणी जरासं आटून हिमोग्लोबिन फक्त ५ टक्क्यांनी दाट झालं, तरी हाताशी असलेला वेळ निम्म्यावर येतो!

मुलामागे पाण्याची बाटली घेऊन फिरणाऱ्या आईकडे आता पाहा. नुसतं पाणी पाजून आजार बरा होत नाही, आणि एकदा कळ सुरू झाली की दवाखानाच गाठावा लागतो. पण अंगातलं पाणी कमी न होऊ देणं हे त्या पेशींना वेळ मिळवून देणं आहे. थंडीत मुलाला गुंडाळून ठेवणाऱ्या आजीचंही तेच. गारठ्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, रक्त रेंगाळतं, आणि सेकंदाचं काम लांबतं. ताप, जुलाब, उन्हातली दमणूक यांना घरचे घाबरतात ते उगाच नव्हे.

बाळ पाच-सहा महिन्यांचं होईपर्यंत सहसा काही कळतही नाही. आईच्या पोटात बनलेलं गर्भातलं हिमोग्लोबिन त्या दोऱ्यांत सामील होत नाही, म्हणून बाळ सुरक्षित असतं. ते ओसरलं की कधी हातापायांची बोटं सुजतात, कधी डोळे पिवळे दिसतात. कावीळ समजून झाडपाल्याचं औषध सुरू होतं. खरं कारण असं की, साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते आणि ही जेमतेम १० ते २० दिवस; भराभर फुटणाऱ्या या पेशींमुळेच डोळे पिवळे होतात.

हायड्रॉक्सियुरिया ही गोळी काय करते? बऱ्याच अंशी तेच गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. ती कॅन्सरमध्येही देतात म्हणून घरचे बिचकतात. त्यांना डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगायला हवं. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली, तिथली किंमत २२ लाख डॉलर. तो उपचारही बिघडलेलं अक्षर दुरुस्त करत नाही. गर्भातल्या हिमोग्लोबिनचं बंद झालेलं बटण पुन्हा चालू करतो. बाटलीभर पाण्यापासून या महागड्या उपचारापर्यंत सगळी धडपड त्याच रिकाम्या वेळासाठी आहे.

हे बिघडलेलं अक्षर टिकून का राहिलं, याचंही उत्तर आहे. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये मांडलं. मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत वाहक तगले.

कुटुंबाला मात्र दुखण्याइतकाच छळ भोवतालच्या अविश्वासाचा होतो. कळ बाहेरून दिसत नाही. काल धावणारं पोर आज उठत नाही म्हटल्यावर ‘नाटक करतंय’ हे ऐकावं लागतं, कधी घरात, कधी दवाखान्यात. सासरी बोल लागतो तो आईला. हा शुद्ध अन्याय आहे, कारण एसएस मूल जन्मायला दोघांकडूनही ते अक्षर यावं लागतं. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता २५ टक्के असते, पहिल्या खेपेला तेवढीच आणि चौथ्या खेपेलाही तेवढीच.

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या आजाराला जागा आहे. तेव्हा लग्नाची बोलणी करताना पत्रिकेआधी दोघांचं रक्त तपासा.

आणि मास्तरांना एक विनंती. या मुलांच्या मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवणं जमत नाही. त्यामुळे त्यांना सारखी तहान लागते, सारखी लघवी लागते. काहींचं अंथरूणही ओलं होतं. वर्गात बाटली जवळ ठेवू द्या, आणि बाहेर जायला मागितलं तर पुन्हा पुन्हा कारण विचारू नका.