वाचायला शिकविणाऱ्याचे शिक्षण

ज्या मनुष्यास वाचता येते त्यास वाचायला शिकविताही येईल, ही जी समजूत सर्वत्र रूढ होऊन बसली आहे, ती किती निराधार आहे हे अमेरिकेतील वाचनशिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे स्वरूप बारकाईने पाहिले म्हणजे ध्यानात येते. अध्यापनाचा परवाना हाती असलेला आणि काही वर्षे वर्गावर उभा राहिलेला शिक्षक बहुधा आपली नोकरी सांभाळून, सायंकाळी अथवा उन्हाळी सुटीत, साधारणतः 30 ते 36 श्रेयांकांचा हा अभ्यास पुरा करतो आणि ‘रीडिंग स्पेशालिस्ट’ या हुद्द्यास पात्र ठरतो.

त्याला प्रथम शिकावे लागते ते हे, की बोलणे मूल सहवासाने आत्मसात करते, परंतु लिपी ही मानवाने निर्माण केलेली योजना असल्यामुळे ती बहुतेक मुलांना कोणी तरी उलगडून दाखवावी लागते. गॉफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरे उलगडण्याची शक्ती आणि भाषेची समज यांचा गुणाकार होय; बेरीज नव्हे, कारण दोहोंपैकी एक शून्य असेल तर फलही शून्यच.

तथापि या पदवीचे मर्म सिद्धांतात नसून प्रात्यक्षिकात आहे, असे माझे मत आहे. अनुभवी अध्यापकाच्या देखरेखीखाली एकाच मुलाशेजारी बसून, त्याचे वाचन ऐकत, ते कोठे अडखळले, त्याने काय गाळले, कोणत्या शब्दाऐवजी कोणता उच्चारला याचा तपशील टिपून घ्यायचा आणि त्या नोंदींवरून पुढील पाठ आखायचा, हे काम दिसते त्याहून पुष्कळ कठीण आहे. चित्र पाहून मुलाने ‘हॉर्स’ऐवजी ‘पोनी’ म्हटले, तर अर्थ जुळला म्हणून शिक्षकाने संतोष मानावा काय? कित्येक वर्षे अनेक प्रशिक्षणांत याचे उत्तर होकारार्थी दिले जात असे. परंतु तरबेज वाचक अक्षरांकडेच लक्ष देतो आणि अंदाजाचा आश्रय दुबळ्या वाचकासच अधिक घ्यावा लागतो, असे संशोधनातून निष्पन्न झाल्यावर ती रीत मागे पडू लागली. काही राज्यांनी तर कायदा करून तिला मनाई केली. जीन चाल या विदुषीने 1967 मध्येच आपल्या ग्रंथात आरंभी ध्वनी व अक्षर यांचा संबंध पद्धतशीर शिकविण्याचा पक्ष उचलून धरला होता. तिचे म्हणणे प्रशिक्षणवर्गांपर्यंत पोहोचावयास इतका काळ लागावा, ही गोष्ट मनास फार लागते, कारण मधल्या पिढ्यांतील कितीतरी मुलांच्या वाट्यास तो विलंब आला.

इंग्रजी वाचनाविषयीचे हे ज्ञान मराठीस जसेच्या तसे लागू पडणार नाही. आपल्याकडे ध्वनी आणि चिन्ह यांचा मेळ बराच सरळ आहे. परंतु चिन्हांची संख्या मोठी, ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनामागून येऊनही लिहिताना त्याच्या आधी येते, आणि जोडाक्षरात मूळ अक्षराचे रूप ओळखू येईनासे होते. पालघर जिल्ह्यातील वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे 2011 पासून काही वर्षे चाललेल्या अभ्यासाने मराठी आणि कन्नड मुलांचे आरंभीचे वाचन प्रत्यक्ष वर्गात पाहिले. आपल्या अध्यापक विद्यालयांतही प्रत्येक छात्राध्यापकास एखादे अडखळणारे मूल वर्षभर सोपवावे, आणि परीक्षकाने उत्तरपत्रिकेच्या जोडीला त्या मुलाच्या वाचनाच्या नोंदींची वहीही मागून तपासावी.