साहेबांची नजर आणि रक्तदाब

परवा एका कार्यालयातले बेचाळिशीचे कारकून डोकेदुखीची तक्रार घेऊन आले. रक्तदाब १५६/९८. दिवाळीच्या सुट्टीत गावी मोजला तेव्हा १३०/८४ होता. हळूहळू बोलू लागले. नवे साहेब प्रत्येक पत्र स्वतः तपासतात, चहाला उठले तरी घड्याळ पाहतात. "डॉक्टरसाहेब, कामाचं काही नाही हो. पण अठरा वर्षं नोकरी करून पाकीट कुठल्या टपालानं पाठवायचं तेही विचारावं लागतं!"

मोठी खुर्ची तिथे मोठा ताण, असा आपला समज. लंडनच्या सरकारी नोकरांची १९६७ पासून पाहणी झाली, तिने तो खोटा ठरवला. सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. विडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशेबात धरूनही सारा फरक उलगडेना. म्हणून १९८५ मध्ये मायकेल मार्मट यांनी १०,३०८ स्त्री-पुरुष नोकरांची नवी पाहणी सुरू केली. आपल्या कामावर ज्यांचा स्वतःचा ताबा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, असे तीत आढळले. सतत कुणी पाठीशी उभे असले की शरीर धोक्याच्या तयारीत राहते. ॲड्रेनलीन, कॉर्टिसॉल वाढते, नाडी आणि रक्तदाब चढतो.

साहेबांना नावे ठेवण्याआधी माझेच सांगतो. आमच्या कंपाउंडरबाईंना मी साधी पट्टीही विचारल्याशिवाय बांधू देत नसे. एकदा मी लग्नाला गेलो असता जुलाबाने मलूल झालेले पोर आले. क्षार-संजीवनीची पाकिटे कपाटात होती. बाई दीड तास माझी वाट पाहत बसल्या. पोर सुधारले, पण मी आलो तेव्हा डोळे खोल गेले होते. रागावलो, तर बाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं होतं ना, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

आता क्षार-संजीवनी, ताप मोजणे, पट्टी हे त्यांचे काम. पोर पाणीही पिईना किंवा गुंगीत असेल, तर मात्र लगेच मला फोन. पहिला महिनाभर मला चैन नव्हते, खोटे कशाला बोलू!

कारकुनांना मीठ कमी, रोज अर्धा तास चालणे आणि घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाबाची नोंद सांगितली आहे. गोळी लागली तर ती घ्यावीच लागेल, साहेब बदलले तरी मनाने सोडायची नाही. शिवाय साहेबांकडे एक तरी काम पूर्ण स्वतःच्या जबाबदारीवर मागा, म्हटले. आवक-जावक मागणार आहेत. पुढच्या सोमवारी वही घेऊन येतील.