नव्याण्णवपैकी किती? कॉलेज फुटबॉलपटूंच्या गुणांचा हिशेब

१३४ संघ, प्रत्येक संघात ८५ खेळाडू. म्हणजे ११,३९० खेळाडू. प्रत्येकाला वेग, ताकद, चपळाई, फेकीची अचूकता, पकड, टॅकल अशा पन्नासच्या आसपास बाबींवर गुण. गुणाकार साडेपाच लाखांच्या पुढे जातो. 'ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५' हा व्हिडिओ गेम १९ जुलै २०२४ रोजी बाजारात आला, तेव्हा एवढे आकडे कुणीतरी भरून ठेवलेले होते. शेवटी या सगळ्यांतून प्रत्येक खेळाडूचा एकच आकडा निघतो. त्याला 'ओव्हरऑल' म्हणतात आणि त्याची कमाल मर्यादा ९९. पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत ओहायो स्टेटच्या जेरेमाया स्मिथला ९८ मिळाले.

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि खेळाडू म्हणजे विद्यापीठाच्या संघातली अठरा ते तेवीस वर्षांची मुले. व्यावसायिक एनएफएलमध्ये संघ ३२ आणि प्रत्येकी ५३ खेळाडू, म्हणजे १,६९६ जण. त्यांच्या प्रत्येक हालचालीची नोंद होते. कॉलेजमध्ये गुण द्यायचे खेळाडू त्याच्या जवळपास सातपट, सामने कमी आणि दरवर्षी संघातली बरीच मुले नवी. त्यामुळे ९८ आणि ९५ यांत फरक किती खरा, हा प्रश्न इथे एनएफएलपेक्षा जास्त बोचरा आहे.

मोजता येते ते आणि न येते ते

सर्वांत भरवशाचे गुण शरीराचे. उंची आणि वजन मोजता येते, ४० यार्डांची धाव घड्याळ लावून बघता येते. टेक्ससचा झेवियर वर्दी २०२४ मध्ये एनएफएलच्या निवड चाचणीत ४.२१ सेकंदांत धावला आणि जॉन रॉसचा २०१७ मधला ४.२२ सेकंदांचा विक्रम मोडला. फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. त्या वेगाने पळणाऱ्याच्या दृष्टीने सुमारे दहा सेंटिमीटरचा. वेगाच्या रकान्यात ९८ की ९९ एवढे ठरवायला असे मोजमाप पुरते.

पण या चाचणीला वर्षाकाठी जेमतेम तीनशेच्या वर खेळाडू बोलावले जातात, आणि तेही कॉलेज सोडण्याच्या बेतात असलेले. उरलेल्या हजारोंचा वेग चित्रफिती पाहून, शाळेतल्या धावण्याच्या शर्यतींच्या वेळांवरून आणि संघाने सांगितलेल्या आकड्यांवरून ठरवावा लागतो. म्हणजे सर्वांत सोपा रकानासुद्धा बहुतेकांच्या बाबतीत अंदाजाचा आहे. 'अवेअरनेस', म्हणजे खेळाची जाण, हा रकाना तर पूर्णपणे पाहणाऱ्याच्या मतावर चालतो. बचावफळी काय डाव टाकणार हे क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणाऱ्या खेळाडूने, चेंडू हातात येण्यापूर्वी ओळखले की नाही, हे कोणतेही घड्याळ सांगत नाही.

एक किक, चार टक्के

मत बाजूला ठेवून फक्त कामगिरी धरली तरी कॉलेजचा मोसम फार छोटा पडतो. नियमित सामने बारा. समजा, एका किकरने मोसमात फील्ड गोलसाठी २५ किक मारल्या आणि २० यशस्वी झाल्या. यश ८० टक्के. पुढच्या मोसमात २५ पैकी २१ झाल्या तर ८४ टक्के. एका किकने चार टक्के बदलले! संख्याशास्त्राच्या साध्या सूत्राने पाहिले तर २५ पैकी २० या निकालावरून एवढेच म्हणता येते की किकरची खरी क्षमता ढोबळमानाने ६४ ते ९६ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. एवढ्या रुंद पट्ट्यात संघातला राखीव किकरही बसतो आणि देशातला अव्वलही. गेममध्ये मात्र एकाला ७८ आणि दुसऱ्याला ८४ असे नेमके आकडे द्यावेच लागतात.

दुसरी अडचण छेदाची. बॉइसी स्टेटचा ॲश्टन जेंटी २०२४ मध्ये चेंडू घेऊन २,६०१ यार्ड धावला. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सचा १९८८ चा विक्रम २,६२८ यार्डांचा; जेंटी फक्त २७ यार्डांनी मागे राहिला. आकडे शेजारी ठेवले की दोघे जवळजवळ बरोबरीचे वाटतात. आता सामन्यांनी भागून पाहू. जेंटीचे सामने १४, सरासरी १८५.८. सँडर्सचे ११, सरासरी २३८.९. त्यातही त्या काळी मोसमाअखेरचा बोल सामना अधिकृत आकडेवारीत धरत नसत. सँडर्सने त्यात काढलेले २२२ यार्ड विक्रमात नाहीतच.

तिसरी अडचण प्रतिस्पर्ध्यांची. २०२४ च्या १३४ संघांतला प्रत्येक जण बाकीच्या १३३ पैकी डझनभरांशीच खेळला. जेंटीचा संघ तेव्हा माउंटन वेस्ट या गटात खेळत होता. तिथल्या बचावफळ्या आणि जॉर्जिया, अलाबामा ज्यात खेळतात त्या एसईसीच्या बचावफळ्या यांत मोठी तफावत आहे. रणजीत प्लेट गटात काढलेले द्विशतक आणि एलिट गटात काढलेले द्विशतक धावफलकावर सारखेच दिसते, तसाच हा प्रकार. गुण देणाऱ्याला प्रत्येक यार्डाला प्रतिस्पर्ध्याचा भाव लावावा लागतो, आणि तो भाव किती लावायचा यावर एकमत नाही.

त्याच माणसाचे १३३ आणि २०२

कामगिरी आणि खेळाडू यांचे नाते किती सैल असते, हे बघायला क्वार्टरबॅक जो बरोपेक्षा चांगले उदाहरण नाही. कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकची कार्यक्षमता मोजण्याचे एक ठरलेले सूत्र आहे. यार्डांना ८.४ ने, टचडाउनना ३३० ने आणि पूर्ण झालेल्या फेकींना १०० ने गुणायचे. या तिन्हींच्या बेरजेतून प्रत्येक इंटरसेप्शनचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने झेललेल्या फेकीचे, २०० वजा करायचे आणि आलेल्या संख्येला एकूण फेकींनी भागायचे.

बरोचा लुइझियाना स्टेटकडून २०१८ चा मोसम: ३७९ फेकी, २१९ पूर्ण, २,८९४ यार्ड, १६ टचडाउन, ५ इंटरसेप्शन. सूत्रातून १३३.२. हा आकडा बेताचाच.

२०१९ चा मोसम: ५२७ फेकी, ४०२ पूर्ण, ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन, ६ इंटरसेप्शन. सूत्रातून २०२.०. संघ १५ पैकी १५ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता, आणि बरोला सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइजमन करंडक.

त्या वर्षी हा गेम बाजारात नव्हता. असता, तर मोसमाच्या सुरुवातीला बरोला अगदी वरचे गुण देण्याचे धाडस कुणी केले नसते, आणि २०१८ चे आकडे पाहता ते योग्यही ठरले असते. मग सहा-आठ महिन्यांत बदलले काय? खांद्याची ताकद दुप्पट झाली नव्हती. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या एनएफएल संघाकडून जो ब्रेडी हा तरुण प्रशिक्षक आला आणि त्याने हल्ल्याची रचना बदलली. बरोच्या फेकी झेलणाऱ्या जामार चेसने २०१८ मध्ये २३ झेलांत ३१३ यार्ड काढले होते. २०१९ मध्ये ८४ झेलांत १,७८०. जस्टिन जेफरसनने १११ झेलांत १,५४० काढले. दोघांचे मिळून ३,३२० यार्ड. बरो सुधारला होता यात शंका नाही, पण १३३ ते २०२ या चढणीत प्रशिक्षकाचा आणि झेल घेणाऱ्यांचा वाटा किती, हे सूत्र सांगत नाही. गुणपत्रिकेवर नाव मात्र एकट्याचे येते.

हे टाळण्यासाठी प्रो फुटबॉल फोकससारख्या कंपन्या प्रत्येक डावात प्रत्येक खेळाडूला उणे दोन ते अधिक दोन असे गुण देतात आणि नंतर त्याचे शंभरपैकी गुण करतात. फेक अचूक असून झेल सुटला, तर क्वार्टरबॅकचे गुण जात नाहीत. पद्धत जास्त न्याय्य आहे, पण त्यात शेवटी माणसाची नजर परत आली.

वजन कुणी ठरवले?

सगळे रकाने बिनचूक भरले असे धरू. तरी 'ओव्हरऑल' काढताना कोणत्या गुणाला किती महत्त्व द्यायचे, हे ठरवावेच लागते. दोन काल्पनिक क्वार्टरबॅक घेऊ. वजनेही मीच ठरवलेली आहेत.

अ: फेकीची ताकद ९५, अचूकता ८२, वेग ९२, जाण ७८.
ब: फेकीची ताकद ८६, अचूकता ९१, वेग ७४, जाण ९०.

पहिला प्रशिक्षक जागेवर उभे राहून चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक शोधतो. त्याची वजने: ताकद २० टक्के, अचूकता ४०, वेग १०, जाण ३०. 'अ'ला ८४.४ आणि 'ब'ला ८८.०.

दुसऱ्याला पळणारा क्वार्टरबॅक हवा. त्याची वजने: ताकद २५, अचूकता २५, वेग ३५, जाण १५. आता 'अ'ला ८८.२ आणि 'ब'ला ८३.७.

खेळाडू तेच आणि गुणही तेच, पण यादी उलटी झाली. चार गुणांचा फरक या खेळात पहिल्या संघात घ्यायचे की बाकावर बसवायचे एवढा मोठा असतो, आणि तो इथे खेळाडूंनी पाडलेला नसून वजन ठरवणाऱ्याने पाडलेला आहे. कोलोरॅडोच्या ट्रॅव्हिस हंटरने तर ही पद्धत पार अडचणीत आणली. २०२४ मध्ये तो हल्ल्यात ९६ झेल घेऊन १,२५८ यार्ड आणि १५ टचडाउन करत होता, आणि बचावात कॉर्नरबॅक म्हणून ४ इंटरसेप्शनही घेत होता. 'ओव्हरऑल' जागेप्रमाणे काढतात, त्यामुळे दोन जागी खेळणाऱ्या माणसाची पूर्ण किंमत एका आकड्यात मावत नाही. मतदारांनी मात्र त्या वर्षीचा हाइजमन त्यालाच दिला.

शून्य ताऱ्यांचा पहिला क्रमांक

गेममध्ये येण्याआधीच मुलांवर आकडा चिकटलेला असतो. शाळेत असतानाच भरती संकेतस्थळे त्यांना तारे देतात. २४७स्पोर्ट्सवर पाच तारे दरवर्षी साधारण ३२ जणांनाच मिळतात, कारण एनएफएल निवडीच्या पहिल्या फेरीत ३२ जागा असतात. म्हणजे पाच तारे ही कामगिरीची पावती नसून तीन-चार वर्षांनंतरचे भाकीत आहे. नव्या मुलाने कॉलेजात एकही सामना खेळलेला नसतो, तेव्हा गुण देणाऱ्यापुढे हे भाकीतच मुख्य आधार म्हणून असते.

भाकिते एकूणात बरी ठरतात. एकेका माणसावर मात्र सपशेल फसतात. कॅम वॉर्डला शाळेत एकही तारा नव्हता. त्याची शाळा फेकीपेक्षा पळण्यावर भर देणारा खेळ खेळायची, त्यामुळे त्याचा हात कुणाला दिसलाच नाही. शिष्यवृत्ती देऊ करणारे विद्यापीठ एकच, टेक्ससमधले इन्कार्नेट वर्ड, आणि तेही खालच्या श्रेणीतले. तिथून वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी. २०२४ मध्ये ४,३१३ यार्ड आणि ३९ टचडाउन. एप्रिल २०२५ च्या एनएफएल निवडीत पहिला क्रमांक. वॉर्डमध्ये खोट नव्हती. त्याला मोजण्याची संधीच कुणाला मिळाली नव्हती.

गुणांचा पैसा

हे सगळे करमणुकीपुरते असते तर चालून गेले असते. पण गेममध्ये खेळाडूंची छबी वापरण्यावरून अमेरिकेत मोठी कायदेशीर लढाई झाली. जुन्या गेममध्ये खेळाडूंची नावे नसत. जर्सी क्रमांक, उंची, वजन, मूळ राज्य मात्र हुबेहूब खऱ्या खेळाडूचे असे. अरिझोना स्टेट आणि नेब्रास्काकडून खेळलेला क्वार्टरबॅक सॅम केलर मे २००९ मध्ये न्यायालयात गेला. ३१ जुलै २०१३ रोजी अपील न्यायालयाने गेम बनवणाऱ्या ईए कंपनीचा बचाव फेटाळला. त्याच महिन्यात आलेली 'एनसीएए फुटबॉल १४' ही शेवटची आवृत्ती ठरली. पुढे कंपनी आणि तिच्या परवाना भागीदाराने ४ कोटी, तर एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेने २ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी विकण्याची मुभा मिळाली, आणि तीन वर्षांनी गेम परतला. या वेळी नावांसकट. ११,००० हून अधिक खेळाडूंनी होकार दिला. मूळ मोबदला प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत. एकूण सुमारे ६६ लाख डॉलर. मुखपृष्ठावर झळकलेल्यांचे करार वेगळे, पण मूळ रक्कम ९६ वाल्याला आणि ६६ वाल्याला सारखीच.

मैदानावरच्या बाजारात मात्र सगळ्यांना सारखे नाही. ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या 'हाउस' या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलर. ट्रान्सफर पोर्टल या विद्यापीठ बदलण्याच्या व्यवस्थेमुळे अनेक मुले दरवर्षी संघ बदलतात, आणि प्रशिक्षकांच्या हाताशी वेळ आठवड्यांचा. अशा घाईत ८८ आणि ८४ यांतला फरक पगारातला फरक होतो.

गेमला प्रत्येक गुणाचा नेमका आकडा लागतो, कारण पास पूर्ण झाला की नाही हे संगणकाला तत्क्षणी ठरवायचे असते. करार करणाऱ्या विद्यापीठावर अशी सक्ती नाही. त्याने 'ओव्हरऑल' बाजूला ठेवून रकाने वाचावेत. प्रत्येक रकान्यामागे किती डाव, किती सामने आणि कोणते प्रतिस्पर्धी आहेत ते विचारावे. आणि ८८ ऐवजी ८३ ते ९२ असा पट्टा मागावा. वजने कुणी आणि कशासाठी लावली, हेही कागदावर हवे. एकोणीस वर्षांच्या मुलाची किंमत ज्या हिशेबावर ठरते, तो हिशेब निदान त्या मुलाला तरी तपासता आला पाहिजे.