आमच्या खोऱ्यातले जंगल आणि आमचा पिंगळा

आमचे गाव भिवंडी तालुक्यात आहे. भिवंडी म्हटले की लोकांना मागांची खडखड आणि मोठमोठी गोदामे आठवतात. पण आमच्या गावाला एकही माग नाही. आमच्याकडे भाताची शेती आहे, तानसा नदी आहे आणि लांबवर डोंगर आहेत. नकाशात पाहिले की आमच्या खोऱ्याच्या आजूबाजूला तीन मोठी जंगले दिसतात. त्यांची माहिती मी आज सांगणार आहे.

पहिले तानसा अभयारण्य. ते शहापूर, वाडा या बाजूला आहे. त्यात साग, ऐन, खैर, मोह, बांबू अशी झाडे आहेत. बिबट्या, भेकर, रानडुक्कर, तरस, ससा व माकडे हे प्राणी तिथे राहतात. तानसा नदीवरचे धरण १८९२ साली बांधून झाले. त्याचे पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जाते. झाडांची मुळे माती धरून ठेवतात, म्हणून तलाव गाळाने लवकर भरत नाही. म्हणजे मुंबईचा माणूस सकाळी तोंड धुतो, त्यात या जंगलाचाही वाटा आहे!

दुसरे तुंगारेश्वर अभयारण्य. ते पश्चिमेला वसईच्या बाजूला डोंगरावर आहे. २००३ साली ते अभयारण्य झाले. तिसरे बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. ते वसईच्या खाडीपलीकडे, अगदी मुंबईला लागून आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे. कान्हेरीची लेणी त्यातच आहेत. एवढ्या मोठ्या शहराजवळ बिबटे राहतात, याचे लोकांना फार नवल वाटते.

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत फरक काय? मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायला अजिबात मनाई असते. अभयारण्यात काही गोष्टींना परवानगी मिळू शकते. पण शिकार दोन्हीकडे बंद. तसा कायदा १९७२ साली झाला." बिबट्याला मात्र ही हद्द कळत नाही. तो एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातो. मधली झाडी तुटली की तो गावात येतो आणि कुत्री, कोंबड्या उचलतो.

आता पिंगळ्याची गोष्ट. पिंगळा म्हणजे लहान घुबड. आमच्या घरामागे जुना आंबा आहे. त्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहते. आजी म्हणायची, "पिंगला वरडला का कोनाचं तरी वाईट होतं." म्हणून मी एकदा गलोलीने त्यांना दगड मारला. दगड लागला नाही, पण पुढे तीन दिवस पिंगळा ओरडलाच नाही. बाबा म्हणाले, "ढोली दगडमातीने बुजवून टाकू."

त्याच आठवड्यात गुरुजींनी वर्गात रानपिंगळ्याची माहिती सांगितली. हा पिंगळा फक्त आपल्या भारतात आढळतो. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात आणि तो दिवसाही शिकार करतो. १८८४ नंतर तो कोणाला सापडला नव्हता. सगळ्यांना वाटले, संपला. मग १९९७ साली तो शहाद्याजवळच्या जंगलात दिसला. आणि २०१४ साली तो कुठे दिसला असेल? आपल्या तानसाच्या जंगलात! हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. ११३ वर्षे लपून राहिलेला पक्षी आपल्या शेजारीच होता.

मला वाटले, आमचाही रानपिंगळा असेल. पण आमच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पुष्कळ ठिपके आहेत. गुरुजी म्हणाले, "तो साधा ठिपकेवाला पिंगळा. पण तोही कामाचा आहे. झाडाखाली शोधून बघ." मी शोधले. तिथे करड्या गोळ्या पडल्या होत्या. काडीने फोडल्या तर आत किड्यांचे पंख आणि उंदराची बारीक हाडे निघाली. पिंगळ्याला जे पचत नाही ते तो तोंडावाटे टाकतो. त्याच या गोळ्या.

मी त्या गोळ्या कागदावर ठेवून आजीला दाखवल्या. म्हणालो, "आजी, आपल्या कणगीतला भात खाणारे उंदीर हा खातो. मग तो वाईट कसा?" आजी कितीतरी वेळ बघत राहिली. मग बाबांना म्हणाली, "र्‍हाऊ दे रं ती ढोली." चौथ्या रात्री पिंगळा परत ओरडला. आजी जागीच होती, पण काही बोलली नाही.

मित्रांनो, आपण एवढे करू या.
१. गलोलीने पक्षी मारू नये. माझी गलोल मी चुलीत घातली.
२. डोंगराला वणवा लावू नये व लावू देऊ नये.
३. ढोली असलेले जुने झाड तोडू नये.

तुमच्या घराजवळ पिंगळा असेल तर त्याच्या डोक्यावरचे ठिपके नीट बघा आणि मला सांगा.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी