फाशाला आठवण नसते, पत्त्यांना असते

अकरावीतल्या एका वाचकाने विचारलं आहे : ‘एक्सकॉम’ खेळताना शत्रू दोन पावलांवर उभा असतो, पडद्यावर ९५ टक्के नेम दिसतो आणि तरी गोळी हुकते. गेम लबाडी करतो का?

करतो. पण तुझ्याच बाजूने!

आधी साधा हिशेब करू. ९५ टक्क्यांचे चौदा नेम धरले, तर एकही न हुकण्याची शक्यता ०.९५चा चौदावा घात, म्हणजे सुमारे ४९ टक्के. निम्म्याहून जास्त वेळा एखादी तरी गोळी वाया जाणारच. लागलेल्या तेरा आपण विसरतो आणि हुकलेलीवरून घर डोक्यावर घेतो. गेम बनवणारे हे ओळखून असतात. २०१२च्या ‘एक्सकॉम : एनिमी अननोन’मध्ये सोप्या पातळ्यांवर लागोपाठ नेम हुकले की पुढचा नेम लागण्याची खरी शक्यता गुपचूप वाढवली जाते. जपानी ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेची युक्ती तर फारच गमतीची. तिच्या २००२ पासूनच्या अनेक भागांत ० ते ९९ मधले दोन आकडे काढून त्यांची सरासरी धरली जाते. म्हणून पडद्यावर ९० दिसतं तेव्हा खरी शक्यता ९८.१ असते, कारण दहा हजार जोड्यांपैकी फक्त १९० हुकतात (वहीत मांडून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे). आणि १० दिसतं तेव्हा शक्यता जेमतेम २.१. खरी शक्यता आपल्याला पटत नाही, म्हणून ती अशी शिजवून वाढावी लागते.

‘एक्सकॉम’चा दिग्दर्शक जेक सॉलोमन पुढे ‘मार्व्हल्स मिडनाइट सन्स’ करायला बसला, तेव्हा मोठीच पंचाईत झाली. नवशिक्या सैनिकाचा नेम चुकणं समजू शकतं. पण आयर्न मॅन हाताच्या अंतरावरून हुकला तर लोक हसतील. डिसेंबर २०२२मध्ये आलेल्या या गेममध्ये मग टक्केवारीच काढून टाकली आणि पत्ते आणले. तीन नायक, प्रत्येकाचे आठ पत्ते, असा चोवीसांचा कॅट. आपल्या पाळीत साधारण तीन पत्ते टाकायचे. टाकलेला वार लागतोच. नशिबाचा भाग उरतो तो मुख्यतः हातात काय आलं यात. म्हणजे नशीब आधी बोलतं, आपण नंतर ठरवतो. ‘एक्सकॉम’मध्ये नेमकं उलट होतं, आणि चरफड व्हायची ती त्यामुळेच.

पण माझ्या मते खरी मौज पुढे आहे. चोवीस बाजूंचा फासा चोवीस वेळा टाकला, तर हवा तो आकडा एकदा तरी पडण्याची शक्यता ६४ टक्केच आहे. तेविसाव्या वेळेपर्यंत पडला नाही म्हणून चोविसाव्या वेळी फासा दया दाखवत नाही. त्याला आठवणच नाही. कॅटमधून मात्र बारा पत्ते काढले की हवा तो पत्ता येऊन गेल्याची शक्यता ५० टक्के, आणि चोविसाव्यापर्यंत तो येतोच येतो. मेंढीकोट खेळणाऱ्या घरात हे शिकवावं लागत नाही. कुठल्या दश्श्या पडल्या, हुकूम किती गेले, हे जिच्या ध्यानात असतं ती आजी दुपारभर कोट देत सुटते.

कॅट आपणच रचायचा असेल, तर याच गणितातून एक उलटा धडा निघतो. २००८च्या ‘डॉमिनियन’ या पत्त्यांच्या खेळाने ही कॅटबांधणी लोकप्रिय केली. ‘स्ले द स्पायर’ या गेममध्ये पहिला योद्धा दहा पत्त्यांनी सुरुवात करतो आणि पाळीला पाच उचलतो. दोन पाळ्यांत सगळे पत्ते डोळ्यांखालून जातात. हौसेने आणखी दहा चांगले पत्ते घेतले, की सगळ्यात चांगल्या पत्त्याची वाट चार पाळ्या बघावी लागू शकते. म्हणून मुरलेले खेळाडू सोनं मोजून दुकानदाराकडे पत्ते काढून टाकतात.

चोवीस वेगवेगळे पत्ते किती प्रकारे लागू शकतात? सुमारे ६.२ गुणिले १०चा तेविसावा घात. हा आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो ना? ॲव्होगॅड्रो अंकाला अगदी खेटून आहे. निव्वळ योगायोग, पण मला दिवसभर पुरला.

एवढ्या क्रमांपैकी प्रत्येकाला सारखी संधी मिळेल, असे पत्ते संगणकाने पिसायचे कसे? सोपी वाटणारी रीत म्हणजे प्रत्येक पत्ता सगळ्या कॅटमधल्या कुठल्याही पत्त्याशी बदलायचा. ती चुकीची आहे. तीन पत्त्यांवर करून बघा : २७ वाटा, क्रम सहा, आणि २७ला सहाने भाग जात नाही. काही क्रमांना जास्त संधी मिळणारच. बरोबर रीत १९३८मध्ये रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी छापली. त्यांच्या डोळ्यांपुढे पत्ते नव्हते. दोघांची कर्मभूमी रॉथमस्टेडचं शेती संशोधन केंद्र, आणि प्रश्न होता कुठल्या वाफ्यात कुठलं बियाणं हे पक्षपात न करता ठरवण्याचा. आपल्याकडे कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्या हाच विचार पानसे-सुखात्मे यांच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकातून शिकल्या. फिशर-येट्स यांची रीत कागदावरची, उरलेले आकडे दर वेळी पुन्हा मोजायला लावणारी. संगणकाला मानवेल असं रूप १९६४मध्ये रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी दिलं : शेवटचा पत्ता सगळ्यांपैकी कुठल्याही एकाशी बदला (स्वतःशीही चालेल), मग त्याला बाजूला ठेवून शेवटून दुसरा उरलेल्यांपैकी एकाशी, असं करत या. दोन ओळींचं काम. या रीतीला कुणी फिशर-येट्स म्हणतं, कुणी ती पुस्तकातून घराघरांत पोचवणाऱ्या डोनाल्ड क्नूथ यांचं नाव देतं. डर्स्टनफेल्ड यांचं नाव क्वचितच निघतं, हे मला खटकतं.

तेव्हा मित्रा, ९५ टक्क्यांचे शंभर नेम वहीत टिपून ठेव. दहाहून जास्त हुकले, तर ती वही मला पाठव.