गांजा कायदेशीर झाला, पण शेतकऱ्याच्या हाती काय आले?

‘एका एकरात लाखोंची कमाई’, ‘हेम्प म्हणजे उद्याचे सोने’ असे सांगणारे व्हिडिओ आपल्या तरुणांच्या मोबाइलवर फिरत असतात. त्यात हमखास दाखला असतो तो अमेरिकेचा. म्हणून अमेरिकेत प्रत्यक्षात काय घडले, ते आपण नीट समजून घेतले पाहिजे. आम्ही इथे नशेची बाजू घेत नाही, पाचवे शील आपल्या सर्वांना ठाऊक आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. बंदी उठली की फायदा नेमका कोणाला होतो?

एकच झाड, दोन कायदे

हेम्प आणि गांजा ही एकाच वनस्पतीची दोन नावे आहेत. फरक आहे तो टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाच्या प्रमाणाचा. (आपल्या अंबाडीला इंग्रजीत ‘डेक्कन हेम्प’ म्हणतात, पण ती पूर्णपणे वेगळी वनस्पती आहे.) डिसेंबर २०१८ च्या अमेरिकी शेती कायद्याने कोरड्या वजनात ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या पिकाला हेम्प ठरवून देशभर परवानगी दिली. त्यापेक्षा जास्त टीएचसी असेल तर तो गांजा. १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजाला सर्वांत कडक यादीत टाकले होते. दुसरीकडे कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये मतदानाने गांजा खुला केला आणि पुढे अनेक राज्ये त्याच वाटेने गेली. म्हणजे राज्यात धंदा आणि केंद्रात गुन्हा! पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ इथेच आहे.

हेम्पची तेजी आणि आपटी

२०१९ मध्ये हजारो शेतकरी हेम्पकडे वळले. बहुतेकांची नजर सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकाच्या तेलावर होती. सगळ्यांनी एकदमच पीक घेतले, पण तेवढे घेणारे नव्हते. अन्नपदार्थांत सीबीडी घालायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली नाही, त्यामुळे मोठ्या खाद्य कंपन्या लांबच राहिल्या. भाव कोसळले. अमेरिकी कृषी खात्याच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये देशातल्या हेम्प उत्पादनाचे मूल्य ८२ कोटी ४० लाख डॉलर होते. २०२२ मध्ये ते २३ कोटी ८० लाखांवर आले.

दुसरी टांगती तलवार तपासणीची. फूल जसजसे पक्व होते, तसतसे टीएचसी वाढते. नमुना घेतल्यापासून ३० दिवसांत कापणी करावी लागते. प्रमाण मर्यादेपलीकडे गेले तर ते पीक हेम्प म्हणून विकता येत नाही. त्यावर प्रक्रिया करून प्रमाण खाली आणावे लागते, नाहीतर ते नष्ट करावे लागते. कापसाचा दर्जा घसरला तर भाव कमी मिळतो, इथे अख्खे पीकच हातचे जाऊ शकते.

धाग्यासाठी हेम्प लावणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. देठापासून धागा सोडवणारा कारखाना जवळ हवा, कारण वजनाने हलके पण जागा व्यापणारे देठ लांब नेणे परवडत नाही. अनेक दशकांच्या बंदीत असे कारखानेच उरले नव्हते.

त्यातच नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने हेम्पची व्याख्या पुन्हा बदलली. तयार मालाच्या एका पाकिटात ०.४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी नको असे ठरले आणि अंमलबजावणीसाठी एक वर्षाची मुदत दिली गेली. ज्यांनी जुन्या व्याख्येवर विसंबून भांडवल घातले, त्यांनी काय करायचे?

गांजाच्या धंद्याची कोंडी

केंद्राच्या लेखी गुन्हा असलेला माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. त्यामुळे प्रत्येक राज्य ही एक बंद बाजारपेठ झाली. ओरेगॉनमध्ये २०१९ च्या सरकारी पाहणीत उत्पादन मागणीच्या दुप्पट असल्याचे दिसले. माल पडून होता, पण शेजारच्या राज्यात विकायची सोय नव्हती.

बहुतेक मोठ्या बँका या धंद्यापासून दूर राहिल्या. साधे पीककर्जही मिळणे कठीण, त्यामुळे खासगी भांडवलदाराच्या दारात जावे लागते. १९८२ च्या एका करनियमामुळे अशा धंद्याला माल तयार करण्याचा किंवा विकत घेण्याचा खर्च वजा करता येत होता, पण दुकानाचे भाडे, विक्रेत्यांचे पगार, जाहिरात हे खर्च नाही. म्हणजे हातात नफा नसतानाही कर भरावा लागू शकतो. दुकानदार अडचणीत आला की शेतकऱ्याची उधारी थकते. कॅलिफोर्नियात परवाना शुल्क, कर आणि तपासणी यांचा भार सोसणाऱ्या शेतकऱ्याला यातले काहीच न भरणाऱ्या बेकायदा मालाशी स्पर्धा करावी लागते.

ज्यांनी तुरुंग भोगला त्यांचे काय?

हा मुद्दा आपल्याला सर्वांत जवळचा वाटावा. एसीएलयू या नागरी हक्क संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार गांजा बाळगल्याबद्दल कृष्णवर्णीयांना अटक होण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या साडेतीन पटींहून अधिक होते, वापराचे प्रमाण मात्र जवळपास सारखेच. म्हणून काही राज्यांनी अशा समाजांना परवान्यांत प्राधान्य दिले.

न्यूयॉर्कने २०२१ मध्ये कायदा केला आणि दुकानांचे पहिले परवाने गांजाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना देण्याचे ठरवले. हेतू चांगला होता. पण ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाच्या स्थगितीने ही योजनाच काही महिने अडकली. दरम्यान शेतकऱ्यांनी पिकवलेला माल कोठारात पडून राहिला, कारण विकायला पुरेशी दुकानेच नव्हती. तोवर शहरभर विनापरवाना दुकाने थाटली गेली होती.

परवाना हा हक्काचा कागद आहे, पण त्याच्या जोडीला भांडवल, जागा आणि वकील लागतो. ज्याच्याकडे हे नाही, त्याच्या हाती नुसता कागद उरतो आणि अनेकदा त्याच्या नावावर दुसराच कोणी धंदा करतो. आपल्याकडे राखीव गाळे आणि पेट्रोलपंपांच्या बाबतीत काय होते, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

आपण काय लक्षात ठेवावे?

भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने धागा, बियाणे अशा औद्योगिक कामासाठी सरकारला लागवडीची परवानगी देता येते. उत्तराखंडने २०१८ मध्ये तसा परवाना दिला. हेम्पच्या बियांना आणि त्यांच्या तेलाला नोव्हेंबर २०२१ मध्ये खाद्य म्हणून मान्यता मिळाली. पण परवान्याशिवाय लागवड केली तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. व्हिडिओ पाहून बियाणे मागवणाऱ्या तरुणाला ही गोष्ट कोणी सांगत नाही.

म्हणून कोणी हेम्पची योजना घेऊन आला, तर चार प्रश्न विचारा. परवाना कोणाच्या नावावर आहे? माल कोण, किती भावाने घेणार, हे लेखी आहे का? तपासणीत पीक नापास झाले तर नुकसान कोणाचे? प्रक्रिया करणारा कारखाना किती अंतरावर आहे? या चारही प्रश्नांची कागदावर उत्तरे मिळाल्याशिवाय एक रुपयाही गुंतवू नका. आणि उद्या महाराष्ट्रात असे धोरण आलेच, तर परवान्याबरोबर कर्ज, हमीभाव आणि प्रक्रिया केंद्राची मागणी पहिल्या दिवसापासून लावून धरा.